हजेरीबाईंची शेवटची हजेरी

हजेरीबाईंनी पाचवीत आम्हाला काय शिकवलं ते मला आठवत नाही. त्यांची हजेरी मात्र आठवते आणि अजून डोकं तापतं. इतर गुरुजी दोन मिनिटांत नावं उरकून फळ्याकडे वळत. बाई एकेक नाव घेत, आणि उत्तर त्या मुलानं नाही, शेजारच्यानं द्यायचं. शेजारी आला नसेल तर का आला नाही, तेही आपल्याला माहीत हवं. नसलं माहीत, की बाई चष्म्यावरून बघत. "बाजूले बसते न तू? मंग काय कामाचं बसनं?"

दिघोरीत आमचं किराणा दुकान होतं आणि गल्ल्यावरचा हिशेब मी तोंडी करायची. त्यामुळे गावात मला सगळे शहाणी म्हणत. बाई एकदाही म्हणाल्या नाहीत. त्या लाखांदूरहून एसटीनं अप-डाउन करत. कुणाकडे चहा घेत नसत, गोड बोलत नसत. गावाला त्या आवडत नव्हत्या, आणि मला तर मुळीच नाही.

माझ्या शेजारी सुनीता बसायची. रोवणीच्या दिवसांत ती सकाळी आईबरोबर चिखलानं भरलेल्या बांधीत भाताची रोपं रोवायची आणि तिथूनच शाळेत यायची. नखांत चिखल, फ्रॉकच्या घेरालाही चिखल. एक दिवस मी माझी बसायची पट्टी उचलून पलीकडे नेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की हिचा वास येतो. वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी सुनीता आली नाही.

हजेरीत तिचं नाव आलं. रोवणीले गेली, असं मी ठोकून दिलं, पण मागून कुणीतरी खरं काय ते सांगून टाकलं. बाई ओरडल्या नाहीत. "ती येईपर्यंत तुहं नाव मी घेत नाही," त्या म्हणाल्या. "तू आहेस म्हनून सांगाले आता बाजूले कोन आहे?"

तीन दिवस माझं नाव गाळून हजेरी झाली. बाबा भांडायला गेले, पोरीचा सगळ्यांसमोर अपमान केला म्हणून. अपमान काय असतो ते तिला कळायला लागलं असेल तर बरंच झालं, एवढंच बाई म्हणाल्या. बाबांनी वर लेखी तक्रार केली. मला मनापासून आनंद झाला.

चौथ्या दिवशी मी तणतणत सुनीताच्या बांधीवर गेले. माफी मागायला नाही, माझं नाव परत मिळवायला. ती मान वर करेना. शेवटी चपला बांधीच्या कडेला धुऱ्यावर काढल्या, चिखलात उतरले आणि वाकड्यातिकड्या ओळीत रोपं खोचत राहिले. पाऊण तासानं ती म्हणाली, "तुले रोवता नाही येत. येतो मी उद्या शाळेत, पन तू आता वर हो."

ती आली. बाईंनी दोघींची नावं घेतली आणि पुढे गेल्या. शाबासकी नाही, काही नाही. तेही मी मनात धरून ठेवलं.

दिवाळीनंतर तक्रार लागू पडली आणि बाईंची बदली झाली. निरोपाच्या दिवशी मी मुद्दाम शाळेत गेले नाही, दुकानात बसून राहिले. चारची एसटी समोरून गेली तेव्हा, गेली एकदाची, असं मोठ्यानं म्हटलं.

बाई त्या एसटीत नव्हत्या. संध्याकाळी सुनीतानं येऊन सांगितलं. शेवटच्या तासाला बाईंनी हजेरी घेतली. माझ्या नावाला सुनीतानं खरं ते सांगितलं, "तिले तुमचा राग आहे, बाई." बाई म्हणाल्या, "असू दे. रागानं आली तरी चालते. थांबू." आणि रजिस्टर उघडं ठेवून बसल्या. सुनीता सोडून बाकी पोरं कंटाळून घरी गेली, एसटी गेली, तरी उठल्या नाहीत. शेवटी अंधारायला लागल्यावर कुणाच्या तरी मोटारसायकलवरून गेल्या.

मला बोलवायला का नाही आलीस, असं मी सुनीतावर खेकसले.

"निंगालो होतो मी," ती म्हणाली. "बाईनंच थांबवलं. म्हने, तिले आपल्या मनानं येऊ दे."

शाळा आमच्या दुकानापासून शंभर पावलांवर होती.