गाय अडली तेव्हा मी विमानाकडे निघालो होतो

घोडेगावच्या आसपासच्या वस्त्यांवर अठरा वर्षं मी जनावरांचा डॉक्टर होतो. चव्वेचाळिसाव्या वर्षी विमान चालवायला शिकू लागलो आणि ते बायकोखेरीज कुणालाही सांगितलं नाही. लोक हसतील याची लाज होतीच. पण ‘मग आमच्या गुरांचं काय?’ असं कुणी विचारेल याची धास्ती जास्त. म्हणून अडीच वर्षं मी फोनवर खोटं बोलत राहिलो. जीप बिघडलीये. मीटिंग आहे. सासरे आजारी आहेत. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि त्यांच्या तेराव्याला यातलेच बरेच जण जेवून गेले होते.

बायको म्हणायची, एकदा सांगून मोकळे व्हा. नोकरी लागली की सांगतो, असं मी म्हणायचो. नोकरी लागली. तरी सांगितलं नाही.

को-पायलट होऊन महिनाही झाला नव्हता. एका सकाळी विमानतळावरच्या बसमधून आम्ही विमानाकडे निघालो होतो. शेजारी कॅप्टन बाई, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. वयामुळे मला ‘सर’ म्हणायच्या आणि चुका मात्र बिनदिक्कत काढायच्या. तेवढ्यात फोन वाजला. वस्तीवर एकट्या राहणाऱ्या एका मावशींचा. त्यांची एकुलती एक गाय पहाटेपासून अडली होती. वासराचं नाक दिसत होतं, पाय एकच.

“मावशी, मला येता येणार नाही. मी विमान घेऊन निघालोय.”



“मागल्या खेपेला जीप हुती,” मावशी म्हणाल्या. “आता विमान. यायचं न्हाई तर तसं सांगा की, डागदर.”

अडीच वर्षांत मी त्यांच्याशी पहिल्यांदाच खरं बोललो होतो.

मग बसमध्येच उभा राहून सांगत गेलो. ओढू नका. हात साबणानं धुवा, तेल लावा. डोकं हळू आत ढकला, दुमडलेला पाय चाचपा, खूर मुठीत झाका, मग पुढे आणा. मोकळ्या हातानं मी तो पाय हवेतच वळवत होतो. सगळा क्रू माझ्या मुठीकडे बघत होता. बस थांबली, फोन बंद करावा लागला.

उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून तपासणी करायची असते. मागच्या बाजूनं जाताना मी त्याच्या पोटावर थाप मारली. जनावर दचकू नये म्हणून मारतात, तशी. कॅप्टननी शिडीवरून ते पाहिलं.

वर गेल्यावर त्यांनी विचारलं, “सर, गायीचं पहिलं बाळंतपण का?”

“तिसरं.”

“मग होईल.”

गायीशी त्यांचा संबंध दुधाच्या पिशवीपुरता. तरी मला धीर आला. मागे शंभरावर माणसं बसली होती, आणि मी त्या एका खुराचा विचार करत होतो.

उतरल्यावर फोन लावला.

“सुटली,” मावशी म्हणाल्या. “कालवड हाय. उभी बी ऱ्हायली. तुमी सांगितलं तसंच केलं.”

“मावशी, जीप कधी बिघडलीच नव्हती. मी खोटं बोलायचो.”

“व्हय, ठावं हाय. फाट्यावरनं जाताना दिसायची की.”

“पण विमानाचं खरं आहे.”

“ऱ्हाऊ द्या,” त्या समजुतीनं म्हणाल्या. “गाय सुटली न्हवं? आता कशापायी खोटं बोलता?”