विसापेक्षा पाच मोठं

फणसाखाली बायकोनं दोरीचं एक टोक धरलं आणि दुसरं घेऊन मी उताराला निघालो. दोरी तेहतीस फुटांची. एक दोरी लांब, एक दोरी रुंद, म्हणजे एक गुंठा.

"ताठ धरा की," ती वरनं म्हणाली. "म्हातारं तुम्ही झालाय, दोरी न्हाई."

माळावरला तुकडा साठ गुंठे भरला, एक एकर वीस. ओढ्याकाठचा पंचेचाळीस, एक एकर पाच. दोघांनी मिळून केलेलं तेच शेवटचं काम. आठ दिवसांत ती तापानं गेली.

तिचा हट्ट एकच होता. मोठा तुकडा लेकीला द्यायचा. लेकीनं आम्हाला सांभाळलं, मुलगा गोव्यात असतो. वाटणीच्या अर्जात मी तेवढंच लिहिलं: मोठा लेकीला, लहान मुलाला. गावात कुणालाही विचारा, मोठा कुठला ते सांगंल. पुढं काय लिहायचं?

बारावं झाल्यावर कचेरीत गेलो. कागदावर लेकीच्या नावापुढं ओढ्याकाठचा तुकडा.

"अज्जा, तोच मोठा हाय," कारकून म्हणाला. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. एकापुढं टिंब देऊन पाच, आणि एकापुढं टिंब देऊन वीस.

"विसापेक्षा पाच मोठं? कुठल्या शाळेत शिकलास?"

"मशीन टिंबापुढचं दशांश धरतं. पाच म्हणजे अर्धा एकर. वीस म्हणजे एकराचे नुसते दोन दशांश."

"चाळीस गुंठ्यांचा एकर असतो, बाबा. ते तुझ्या मशीनला कोण सांगणार? टिंब काढ, गुंठे म्हणून लिही."

त्यानं लिहून दाखवलं. पडद्यावरचा रकाना तांबडा झाला. "इथं अक्षर चालत न्हाई, आकडाच लागतो. नवा अर्ज करा पाहिजे तर. मोठं कुठलं ते मशीनच ठरवणार."

मी चौथी नापास. पण भाताचं शेत बघून लहानमोठं कळायला मला टिंब लागत न्हाई. एवढी शिकलेली माणसं, पंखा, खुर्ची, आणि सगळ्यांनी मिळून अक्कल त्या डब्यात ठेवलेली. डबा म्हणतो तेच खरं. वरनं मलाच शिकवतात.

लेक म्हणाली, "अप्पा, असू दे. ओढ्याचं पाणी तरी हाय."

"तुझ्या आईनं पाणी न्हाई दिलं, मोठा तुकडा दिलाय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी काढली. टोक धरायला कोणी न्हाई, म्हणून ते फणसाला बांधलं. दर खेपेला सोडायचं, खुंटी मारायची, तिला बांधायचं. साठ भरले. चार कोपऱ्यांत दगड पुरले आणि लेकीच्या नांगराला बैल जुंपून दिले.