सोन्याचा काळा थर

प्रयोगशाळेत सगळे त्यांना पंपमामा म्हणत. बंद भांड्यातली हवा पंपानं खेचून काढायची, आत सोनं तापवायचं आणि त्याच्या वाफेचा पातळ थर चढवायचा, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. पंपाच्या आवाजावरून ते त्याचं दुखणं ओळखत. बायको म्हणायची, "माझा खोकला नाही ऐकू येत, पंपाचा बरा येतो."

तिथे एक नवी संशोधक आली. तिशीची, हळू बोलणारी. तिचं काम दुरून उष्णता ओळखणाऱ्या सेन्सरवर होतं. धुरात अडकलेला माणूस डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्या अंगाची ऊब सेन्सरला कळते. अडचण एवढीच, की नखाएवढ्या त्या तुकड्यावर पडलेली निम्म्याहून जास्त ऊब तशीच परत फिरायची. ती शोषून घेणारा थर तिला हवा होता.

एका सकाळी मामांनी भांडं उघडलं, तर तुकड्यावर सोनं पिवळं नव्हे, काजळीसारखं काळंकुट्ट चढलेलं. आत नायट्रोजन सोडायची चावी आदल्या दिवशी नीट आवळली गेली नव्हती. पाव फेरा उघडीच होती. काम लावून ते जेवायला गेले, तेवढा वेळ वायू आत झिरपत राहिला होता. त्यांनी गुपचूप चावी आवळली आणि नोंदवहीत भांड्यातल्या दाबाचा नेहमीचाच आकडा लिहिला.

दुपारी संशोधक लगबगीनं आली. "मामा, या तुकड्यानं दुप्पट ऊब पकडली. काल काय वेगळं केलंत?"

"काही नाही, मॅडम. नेहमीसारखंच."

"आठवून बघा ना. चुकून काही झालं असेल तरी चालेल."

तो 'चुकून' त्यांना झोंबला. "माझ्या हातून चुकून काही होत नाही," ते म्हणाले.

पुढची दोन वर्षं ती कधी तापमान बदलून, कधी सोन्याचं वजन बदलून थर चढवून घेत राहिली. चढवणारे हात मामांचेच. दर वेळी सोनं लख्ख पिवळं. सांगून टाकावं असं त्यांना कितीदा वाटलं. पण आज सांगायचं, तर काल का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार. शेवटी प्रयोगशाळेच्या साहेबांनी प्रयोग गुंडाळला. तो काळा तुकडा म्हणजे मोजण्यातली गफलत, असं ठरलं. ती राजीनामा देऊन एका शाळेत शिकवायला गेली. जाताना मामांना म्हणाली, "फार राबवलं मी तुम्हाला. मनावर घेऊ नका."

सहा वर्षं मामांनी हे पोटात ठेवलं. निवृत्ती जवळ आली तेव्हा एकदाचं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगताय? जिचं नुकसान केलंत तिला सांगा."

मामा शाळेत गेले तेव्हा संशोधक शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत होती. मामांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

तिनं पेन खाली ठेवलं. "किती उघडी होती चावी?"

"पाव फेरा."

ती म्हणाली, "मला वाटलं, मलाच मोजता येत नाही. म्हणून सोडलं मी ते काम."

"मी साहेबांशी बोलतो. तुम्ही परत या."

"आता नाही, मामा. पण करून बघा. खरं निघालं तर कळवा."

मामांनी साहेबांसमोर कबुली दिली. चावी पाव फेरा उघडी ठेवून पुन्हा थर चढवला. पहिल्याच खेपेला काळा आला, आणि आकडा पुन्हा दुप्पट. वर्षभरात सगळे सेन्सर तसेच बनू लागले. शोधनिबंधावर नावं नव्या संशोधकांची लागली. मामा हटून बसले म्हणून तिचं नाव शेवटी, आभारांत आलं. ते पान त्यांनी तिला पोस्टानं पाठवलं.

उत्तर एका ओळीचं होतं: 'तुकडा खरा होता हे कळलं. बरं वाटलं.'

बायकोनं ते वाचलं. "माफ केलं, असं कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलं," मामा म्हणाले. "मी तरी कुठे मागितली माफी?"

निवृत्तीनंतर ते दोनदा त्या शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन आले. आत गेले नाहीत.