अण्णांवर कोण गेलं

आमच्या घरात जमिनीच्या आधी मुलींची वाटणी झाली. धाकटी अण्णांवर गेली, मी आईवर. धाकटीचं कपाळ अण्णांचं, हात मागे बांधून चालायची खोड अण्णांची, रागसुद्धा त्यांचाच. नसरापूरला गाडीची वाट बघताना तिला कधी कुणी काही विचारलं नाही. मला मात्र वेल्ह्याची एसटी येईपर्यंत कुणी ना कुणी हटकायचंच, "तुमी कुणाच्या?" मीही त्याच बापाची, पण मला ते सांगावं लागायचं.

गेल्या वर्षी अण्णांचा पाय सुजला. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, की रक्त नको तिथं गोठू नये म्हणून जे प्रोटीन लागतं, ते यांच्यात जन्मापासूनच कमी आहे. मुलींतही उतरलं असेल, दोघींनी तपासून घ्या. घरी सगळ्यांनी धाकटीकडेच पाहिलं. आईनं तर तिची दृष्ट काढली. माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. आजारातही माझा नंबर लागत नाही म्हणून माझा जळफळाट झाला. हसाल तुम्ही, पण झाला.

भोरच्या लॅबमध्ये दोघी बरोबरच गेलो. निळ्या टोपणाची नळी बरोबर रेघेपर्यंत भरावी लागते, नाहीतर तपासणी चुकते, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. धाकटीची शीर लगेच सापडली. मला दोनदा टोचलं. तिथंही तीच पुढे.

नमुने पुण्याला गेले आणि रिपोर्ट मोबाईलवर आला. धाकटीचं प्रोटीन पुरेसं, माझं कमी. डॉक्टर म्हणाले, खात्रीसाठी तुमची तपासणी पुन्हा करू. मधल्या काळात मला एकच धास्ती होती, दुसऱ्या खेपेला माझं भरपूर निघालं तर? नाही निघालं. आत्ताच औषध नको, पण लांबच्या प्रवासात मधूनमधून चालायचं आणि कुठल्याही ऑपरेशनआधी हे सांगायचं, असं ते समजावत होते. मी मान डोलावत होते आणि मनातून चक्क खूश होते. अण्णांचं काहीतरी मला मिळालं होतं, आणि तिला नव्हतं.

तडक गावी गेले. अण्णा ओसरीवर उशीवर पाय ठेवून बसले होते. शेजारी धाकटी भाजी निवडत होती.

"अण्णा, तुमचा आजार माझ्यात आलाय," मी म्हणाले. "हिच्यात न्हाई." जरा जोरातच म्हणाले.

अण्णांनी डोळे मिटून हात जोडले. मग धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला.

"बरं झालं," ते म्हणाले. "माझी पोर सुटली."

त्यांच्या पायाखालची उशी सरकली होती. ती नीट करायला मीच वाकले.