जुमवाच्या बापाला थंडी वाजते

मेल्यावर थोया लेकीच्या स्वप्नात आला, हात अंगाशी आवळून म्हणाला, "पोरी, थंडी वाजते गं." गिर्यामा जमातीच्या मुलखात मेलेलं माणूस असं म्हणालं, की त्याचा लाकडी खांब कोरतात आणि पुरून त्याला चिंध्या नेसवतात. थोयाचाही असा खांब, किगांगो, पुरला. त्यानंतर जुमवाला शांत झोप लागली.

पुरलेला किगांगो मात्र हलवायचा नसतो. विहीर आटली, गाव पुढे सरकलं, खांब जुन्या जागीच राहिला. चोरांचं आयतंच फावलं. बेवारशी म्हणे! बुंध्यापाशी करवत चालवली आणि नेला परदेशात विकायला. इकडे बाप पुन्हा स्वप्नात कुडकुडू लागला. जुमवा त्या उरलेल्या खुंटापाशी माडी ओतून माफी मागायची, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

यंदा काही खांब परत आले, किनाऱ्यावरच्या शहरातल्या संग्रहालयात उभे राहिले. तिची जाऊ न्येवू म्हणाली, "जा, आण बापाला. जिवंतपणी कधी लेकीच्या सासरी फिरकला नाही, आता तरी येईल."

दालनात शिरताच जुमवाने लेसो अंगाभोवती घट्ट ओढली. "इथे गारठा किती रे?"

"मशीन आहे, आई. लाकूड टिकावं म्हणून," तिथला राखणदार काहिंदी म्हणाला. तोही गिर्यामाच.

"लाकूड?"

काहिंदीने मान खाली घातली.

खांब घासूनपुसून चकचकीत केलेले, चिंधी एकालाही नाही, चेहरे झिजलेले. कुणाचा कोण, हे तिकडे परदेशात कुणी विचारलंच नव्हतं. काहिंदी म्हणाला, "गावातला खुंट उपटून आणा, जुळवून बघू."

"तुझ्या बापाचा उपटशील?"

एका खांबाची मान जराशी कललेली होती. बाप ऐकताना अशीच कलवायचा. जुमवाने त्याला सोबत आणलेली लाल चिंधी बांधली. काहिंदीने दुसरीकडे पाहिलं.

त्या रात्री स्वप्नात एक अनोळखी म्हातारा आला. कमरेला लाल चिंधी, चेहऱ्यावर समाधान. "कुणाची गं तू? देव तुझं भलं करो," म्हणाला. त्याच्यामागे उघडी माणसं रांगेने उभी होती. त्यांच्यात थोया होता. तो काही मागत नव्हता. नुसता त्या चिंधीकडे बघत होता.

सकाळी जुमवा दोरीवरची लेसो काढून टराटरा फाडू लागली.

"अगं, डोकं फिरलं का? नवी आहे ती," न्येवू धावत आली.

"सगळ्यांना बांधते," जुमवा म्हणाली. "त्यातला एक माझा आहे."