गोवर कापसात किती राहतो

डॉक्टरांनी माझ्या लेकीच्या, चंद्रीच्या अंगावरचं पुरळ पाहिलं आणि म्हणाले, "मीझल्स." म्हणजे गोवर. मग पाठीला नळी लावून म्हणाले, "न्यूमोनिया." गोवर छातीत उतरून फुप्फुसं भरली होती.

ज्यांच्या घरी लेकरू तापानं फणफणलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते. आदिलाबादच्या दवाखान्यात पोचायला आम्ही उशीर केला. तेव्हाची मी म्हणजे अकलेचा कांदा, वर सातवी पास असल्याचा तोरा. "देवीमाय आली, सुई टोचली तर कोपंल," म्हणत दारी लिंबाचा डहाळा लावला, घरातली फोडणी बंद केली आणि चंद्रीला मागच्या खोलीत कापसाच्या ढिगावर निजवलं. आमच्या भीमपूरकडं कापूस विकेपर्यंत घरातच असतो. त्याहून मऊ अंथरूण आमच्याकडं नव्हतं.

वॉर्डात ऑक्सिजन लावला. चंद्री नळी ओढून काढायची, मी पुन्हा लावायची. घरी जावेची लेकरं होती, म्हणून डॉक्टरांना विचारलं, हा रोग कपड्यात, कापसात किती राहतो? ते हिंदीत म्हणाले, व्हायरस, म्हणजे विषाणू, अंगाबाहेर फार तर दोन तास जगतो. कापसाला भिऊ नका. आमचे हे शेजारीच उभे होते.

दुसऱ्या दिवशी चंद्री गेली.

घरी येऊन मागची खोली उघडली. ढिगात तिच्या अंगाएवढा खळगा तसाच होता. गुडघे पोटाशी घेऊन निजायची, तेही दिसत होतं.

सासूबाई उंबऱ्याबाहेरून म्हणाल्या, "डॉक्टर काय म्हणे वो? कवा जाते हे कापसातून?"

"पोळ्यापर्यंत राह्यते म्हणे," मी ठोकून दिलं. होळी नुकतीच झाली होती! विषाणूला एवढं आयुष्य कोणी दिलं नसेल.

हे माझ्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी स्वतःच कडी लावली. भैंसा गावचा कापसाचा व्यापारी आला, तेव्हा ओट्यावरूनच म्हणाले, "कमरे में बीमारी है, सेठ. अब्बी नहीं."

"भाव गिर रहा है, पटेल!"

"गिरने दो."

मी रोज त्या खोलीत जाऊन बसायची. सासूबाई ओरडायच्या, "काऊन जातं वो तिथं? मरायचं हाये का?"

"मला गोवर होऊन गेला," मी म्हणायची.

पावसाळा तोंडावर आला, कौलं गळकी. कापूस भिजला असता, पोळ्याची वाट पाहता येईना. यांनी मजूर लावला नाही, बोरे, म्हणजे तागाची मोठी पोती, एकट्यानं भरले. कापूस भरताना बोऱ्यात उतरून पायांनी तुडवतात, तसा तुडवला. खळग्याचा कापूस मात्र शेवटी, हातांनी, हलकेच भरला.

गाडीवान हसला, "पटेल, पाय द्या की!"

यांनी बोऱ्याचं तोंड शिवायला घेतलं. आता ते नाहीत. मला त्यांनी जन्मात कधी खोटं पाडलं नाही.

गोवराच्या लेकराला आधी दवाखान्यात न्या, लस चुकवू नका. लिंबाचा डहाळा नंतरही लावता येतो. कपड्याला, कापसाला भिऊ नका. विषाणू दोन तासांत मरतो. पण घरातल्या बाईनं त्याहून लांबची मुदत सांगितली, तर चारचौघांत तिला खोडू नका.