चिरा टाकून दाखवायची सवय

"दोतोर, तुमचे टाके परत उसवले," मी म्हणालो. "माझा माल असा निघाला तर मी गाडी परत घेतो."

साखळी गावचे हे डॉक्टर माझ्याहून वयाने मोठे. त्यांनी शांतपणे हात धुतले. "तू चिऱ्याची गाडी नाय. जड उचलतोस?"

"दहा वर्षं नाय. कामगार आहेत."

"खोकला?"

"नाय."

"संडासला जोर करावा लागतो?"

"तुमच्या हॉस्पिटलचं जेवलो तेव्हाच."

उजव्या जांघेत ही तिसरी खेप. हर्निया म्हणजे पोटाची भिंत एका जागी विरते आणि आतडं तिथून बाहेर डोकावतं. आधीची दोन्ही ऑपरेशनं यांनीच केलेली. आता तिसरंही टिकलं नाही, तर मला धंदा सोडून घरी बसावं लागणार होतं. दोष टाक्यांचा, याबद्दल मला शंका नव्हती.

धारगळला माझी चिऱ्यांची खाण. चिरा म्हणजे जांभ्या दगडाचा कापलेला ठोकळा. आमच्याकडे घरं त्याचीच. तरुणपणी मी दुसऱ्यांच्या गाड्या भरल्या, मग स्वतःची खाण घेतली. गोवा घटक राज्य झाल्यावर बांधकामं वाढली. तेव्हापासून माझं काम फक्त दर ठरवायचं.

डॉक्टरांना कुंपणासाठी चिरे हवे होते. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी ते खाणीवर आले. दर ऐकून म्हणाले, "मुळगावात स्वस्त मिळतो."

माझं डोकं फिरलं. मी ढिगातला एक चिरा उचलला, छातीपर्यंत नेला आणि खालच्या चिऱ्यावर टाकला. कोपरासुद्धा उडाला नाही.

"मुळगावचा असा टाकून बघा."

डॉक्टर चिऱ्याकडे बघतच नव्हते. "हे रोज करतोस?"

"गिऱ्हाईक आलं की."

"दिवसाला किती येतात?"

"चार. सीझनला सात-आठ."

"वजन?"

"तीसेक किलो."

"आणि जड उचलत नाहीस?"

"हे उचलणं कुठे? हे माल दाखवणं."

आमचा मुकादम सावंतवाडीकडचा. त्याला गप्प बसवेना. "डाक्टरांनू, आपरेशन झाला की दुसऱ्या म्हयन्यात शेट परत टाकूक लागतत."

"म्हणजे टाक्यांची चूक नाय?" मी विचारलं.

"टाकेही ढिले पडले असतील. तुझी भिंतही कच्ची असेल. खात्रीने कोण सांगणार? पण हे थांबवणार असशील तरच मी कापतो."

मी खूप घासाघीस केली. दिवसाला एक तरी चिरा द्या म्हणालो. त्यांनी अर्धाही दिला नाही.

ऑपरेशननंतर मुकादम चिरा टाकू लागला. गिऱ्हाइकांना संशय, हा निवडून उचलतो. शेवटी मी सांगितलं, तुम्हीच निवडा, तुम्हीच टाका. धंदा वाढला. स्वतः टाकलेला चिरा फुटला नाही की माणूस दर पाडून मागत नाही. शिवाय त्याला दम लागलेला असतो.

टाके आजतागायत टिकलेत. माझा राग मात्र गेलेला नाही. दोन ऑपरेशनं करताना 'दिवसभर काय करतोस' एवढं त्यांनी विचारायला हवं होतं. ते म्हणतात, मी सांगायला हवं होतं. आता वयस्कर गिऱ्हाईक चिऱ्याला हात घालायला वाकलं, की मी आधी विचारतो, हर्निया आहे का. नाही म्हणालं, तरी त्याचा धंदा काय ते विचारून घेतो.